सईची पाटी मी नीट लावली

चहा घ्या, पण सावकाश घ्या. माझं एक वाक्य संपेपर्यंत कप निवतो, असं आमच्या सूनबाई म्हणतात. आणि आज तर मी स्वतःचीच फजिती सांगणार आहे, म्हणजे वेळ लागणारच.

मी सातवी पास माणूस. सगळी नोकरी इथल्या कारखान्यात, हत्यारांच्या खोलीच्या खिडकीमागे गेली. भिंतीवर फळी, फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, आकृतीवर तोच पाना. लाईट गेलेली असली तरी कोणी "सत्रह नंबर" म्हणालं की माझा हात बरोबर सतरा नंबरवर जायचा. कोणी पाना चुकीच्या जागी टांगला तर मी दिवसभर त्याच्याशी बोलायचो नाही. तसा मी एरवीही फार बोलत नसे, त्यामुळे त्या बिचाऱ्याला ते कळायचंच नाही.

सई माझी नात. सात वर्षांची. डोक्याने तल्लख, पण तोंडातून शब्द निघत नाही, आणि हातही ओढत ओढत पुढे जातो. ती बोलते पाटीवर. पाटीवर चोवीस चित्रं. पाणी, मांजर, आई, झोका, असली. बुटांना चर्र आवाज करणारी पट्टी असते ना, तिच्यानेच चिकटवलेली. जे हवं त्यावर ती हात ठेवते, आपण समजून घ्यायचं. माझाही फोटो आहे त्यात, निवृत्तीच्या दिवशीचा, गळ्यात हार घातलेला. नवीन माणूस तो बघून आधी दचकतो, मग मला बघून पुन्हा दचकतो.

साकेत नगरातल्या केंद्रात रुबीना मॅडम तिला हे शिकवतात. त्यांच्याकडे एक बोलणारं यंत्र आलं होतं. चित्र दाबलं की आवाज येतो. यंत्र एकच, आणि ते घरी कोणाला द्यायचं हे त्या सोमवारी ठरणार होतं. सई पाटीवर कशी बोलते ते बघून. सूनबाई, म्हणजे वर्षा, आठवडाभर त्याच एका विचारात.

रविवारी मुलगा आणि वर्षा मिसरोदला लग्नाला गेले. सई झोपलेली. माझी नजर पाटीवर पडली.

काय ती पाटी! मांजराशेजारी पाणी, झोक्याशेजारी दूध. वरच्या कोपऱ्यात तर नुसता हाताचा पंजा, म्हणजे 'पुरे'. अशी फळी माझ्या खोलीत असती तर फोरमनने मला उभं केलं नसतं. म्हटलं, उद्या मॅडम बघणार, जरा नीट लावू. माणसं एका रांगेत, खाणं एका रांगेत, जनावरं एका रांगेत. फळीवर मोठा पाना पहिला, म्हणून माणसांतही थोरला पहिला. घरात थोरला कोण? मी. 'पुरे' काढून खालच्या रांगेत टाकला आणि त्या कोपऱ्यात माझा हारातला फोटो बसवला.

सई उठली. मी शिरा भरवायला घेतला. चार चमचे खाल्ले, आणि पोरीने माझ्या तोंडाकडे बघत कोपऱ्यावर हात ठेवला. आजोबा.

मला कसं वाटलं असेल, तुम्हीच सांगा. मी आणखी एक चमचा दिला. पुन्हा आजोबा. आणखी एक. पुन्हा आजोबा. शेवटी तिने शिरा माझ्या सदऱ्यावर थुंकला. मी मनात म्हटलं, लाडात आली आहे.

सोमवारी वर्षाने घाईत पाटी पिशवीत घातली आणि आम्ही बसने केंद्रात गेलो. मॅडमनी साबणाचे फुगे उडवले. बरेच उडवले. मग विचारलं, "सई, और चाहिए? कि बस?"

सईने मॅडमकडे बघत हात ठेवला. आजोबा.

मी खुर्चीत ताठ बसलो.

पुन्हा फुगे, पुन्हा आजोबा. मग तहान लागली असावी, तर हात गेला मांजरावर. वर्षाचं तोंड उतरलं. "अहो मॅडम, काल सकाळपर्यंत सगळं बरोबर सांगत होती." सईने पाटीवर कपाळ आपटलं आणि रडायला लागली.

मॅडम हळूच म्हणाल्या, "शायद आज इसका मन नहीं है. मशीन का अगली बार देखते हैं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ही पोर पाटीकडे बघतच नाही. बघते आपल्या तोंडाकडे, आणि हात जातो पाठ असलेल्या जागी. सतरा नंबरसारखा. आणि पाने हलवणारा नालायक मी.

सांगायला तोंड उघडलं, तर शब्दच येईना. वर्षा म्हणाली, "बाबांना पाणी हवंय वाटतं."

"रुकिए वर्षाजी," मॅडम म्हणाल्या. "बीच में मत बोलिए. मन में दस तक गिनिए."

दहा झाले. वीसही झाले असतील. तिघी माझ्याकडे बघत होत्या, सईसुद्धा रडायची थांबून.

"मॅडम," मी म्हणालो, "बच्ची को फेल मत कीजिए. पाटी मैंने जमाई है."

वर्षाने कपाळाला हात लावला. "बाबा, तुम्ही?"

मी पाटी मांडीवर घेतली. जुन्या जागा मला पाठ होत्या, तेवढं एक येतं मला. चोवीसच्या चोवीस परत लावली. पण मन भरेना. एकेक चित्र दाबून बघितलं, तिरकं होतं ते सरळ केलं, रुमालाने पुसलं, सईला विचारलं, "हे इथेच ना, बाळा? आणि हे?" पुन्हा पहिल्यापासून दाबायला लागलो.

सईने हात उचलला. सावकाश माझ्या फोटोवर ठेवला. मग तिथून ओढत ओढत वरच्या कोपऱ्यावर नेला.

आजोबा. पुरे.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. दोन चित्रं जोडून सई आजवर कधी बोलली नव्हती. वर्षा रडत होती, मॅडम हसत होत्या, आणि मला भर केंद्रात गप्प बसवलं गेलं होतं. डोळे पुसायला मी तोच रुमाल काढला.

यंत्र त्याच दिवशी घरी आलं. आता तिला आवाज आहे, चांगला खणखणीत. तेव्हा चहा संपवा लवकर, ती शाळेतून यायच्या आत मला—

ऐकलंत? आतल्या खोलीतून 'पुरे' आलं ते? हो, मागच्या दाराने आली वाटतं. नाही, तुम्ही बसा. ते मलाच होतं.