बनुबाईचं शहाणं बाळ

पलूसात जन्मलेल्या निम्म्या माणसांची जगाशी पहिली ओळख बनुबाईच्या तळहातानं झाली आहे, आणि जग किती खरबरीत आहे हे त्यांना तिथंच कळलं आहे. लालासाहेबांच्या नातवाला न्हाऊ घालायला ती पहिल्यांदा आली तेव्हा म्हणे आधी दारातला उजेड गेला, मग पाळणा आपोआप हलला आणि गोठ्यातल्या म्हशीनं धसक्यानं दूध चोरलं. बनुबाईनं पोराला पायांवर घेऊन असं रगडलं, की पैलवानानं हात जोडावेत. पोर रडलं नाही.

"काय शहाणं बाळ हाय!" बनुबाई खूश झाली.

बाळंतीण अंकिता भिंतीकडं तोंड करून बसलेली. मालिशीच्या वेळी इतर बाळंतिणी बनुबाईच्या सात पिढ्या उद्धरायच्या. ही हूं की चूं करीना.

"आवं मंगलवैनी, सून लय गुणाची मिळाली. तोंड म्हणून न्हाई हिला."

"मग! पारखून आणलीया," सासू म्हणाली.

एका सकाळी अंकिता हळूच बोलली, "मावशी, हे पोर माजं न्हाई. घेऊन जावा तुमी."

"मग काय शेजारणीचं?" बनुबाई खदाखदा हसली, आणि दुपारपर्यंत सगळी गल्ली हसली. बायका मुद्दाम येऊन विचारू लागल्या, "काय गं, कुणाचं पोर?" अंकितानं पोराला पदराखाली घेणंही सोडलं होतं. पोर रडून मागत नव्हतं, म्हणून ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी बनुबाईच्या हाताला फासळ्या लागल्या. तिनं पोराच्या टाचेला चिमटा काढला. डोळासुद्धा उघडेना.

"वैनी, पोर गार पडलंया! सांगलीला न्या!"

"उद्या बारसं हाय. आचारी सांगितलाय," मंगल म्हणाली. "आणि शहाणं हाय म्हणून तूच वाजवत हुतीस न्हवं?"

बनुबाईनं पोर उचलून लालासाहेबांच्या पुढ्यात नेलं. शेवटी लालासाहेबांनीच गाडी काढली.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं आणि अंकिताशी बोलून सांगितलं, "आईच्या मनाला आजार झालाय. बाळंतपणात होतो, औषधानं बरा होतो. दोघांना तोडू नका."

मंगलनं त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. "म्हंजी येडी पोरगी गळ्यात मारली व्हय आमच्या?"



बाळ वाचलं. अंकिताला एकटीलाच फलटणला माहेरी पोचवलं. तिला परत आणायला कुणी गेलं नाही.