नाकी नऊ

त्या आठवड्यात अंबिकाला कुणी नुसतं "काय चाललंय?" म्हणून विचारलं असतं, तरी तिनं हातातली केरसुणी फेकून मारली असती. आणि तिची काही चूक नव्हती. तुम्हीच बघा. शनिवारी अमावस्या, रविवारी घट बसायचे. घट बसायच्या आत अख्ख्या घराचा दसरा काढायचा, म्हणजे जळमटं झाडायची, भिंती पांढऱ्या मातीनं पोतारायच्या, डबे घासायचे आणि घरातली एक चिंधीसुद्धा न धुता ठेवायची नाही. त्यातच रानात सोयाबीन वाळून शेंगा तडकायला लागलेल्या. शाळांना दसऱ्याची सुट्टी लागलेली. घरात लहानथोर चौदा माणसं, त्यांतली सहा लेकरं आठ वर्षांच्या आतली.

तिघी सुना घरात, पण थोरल्या जावेचे गुडघे दर वर्षी नेमके ह्याच आठवड्यात धरायचे. धाकटी बाळंतपणाला माहेरी गेलेली, तिची दोन लेकरं मात्र इथंच. राहिली कोण? मधली, अंबिका.

अंबिका कमलनगरची, मराठी शाळेतली, पण कन्नड विषय घेऊन दहावी पास. कर्नाटकातल्या भालकी तालुक्यातल्या ह्या गावात सून म्हणून येऊन तिला बारा वर्षं झाली होती. घरातली सहाच्या सहा लेकरं तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. त्यामुळं गावातल्या अंगणवाडीची मदतनीस मल्लव्वा साठीला आली आणि म्हणाली, "तंगी, माझ्या जागेला तू अर्ज कर. हेच काम तू घरी फुकट करायलीस की," तेव्हा धाकट्या बहिणीला म्हणावं तसं ते 'तंगी' अंबिकाच्या काळजात जाऊन बसलं. तिनं अर्ज केला. वयाची अट पस्तिशीची होती आणि येत्या चैत्रात तिला पस्तीस पुरी होणार होती. ही जागा हुकली तर पुन्हा दार उघडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घट बसायच्या आदल्या रविवारी सकाळी मल्लव्वानं नोटिशीचा फोटो पाठवला. अर्ज केलेल्या बायकांनी मूळ कागदपत्रं घेऊन भालकीच्या ऑफिसात हजर राहायचं, असा मजकूर. फोटो आला तो अंबिकाच्या नवऱ्याच्या, शिवप्रसादच्या फोनवर, कारण तिला वेगळा फोन नव्हता. हातानं लिहिलेली कन्नड नोटीस, अंकही कन्नडच, आणि फोटो काढताना मल्लव्वाचा हात हललेला. कन्नडातले सहा आणि नऊ म्हणजे जुळी भावंडं. शेपटीचा काय तो फरक. अंबिकानं फोटो मोठा करून नीट बघितला. सहा तारीख होती, म्हणजे मंगळवार.

"आत्या, मंगळवारी मला भालकीला जावं लागतंय," तिनं सासूला सांगितलं.

नागूबाईंनी कपाळाला हात लावला. "मंगळवारी? अगं, मंगळवारी मळणीचं मशीन यायलंय! बारा माणसाच्या भाकरी कोण टाकावं?"

तेवढ्यात बालाजीनं तो फोन मागून घेतला. बालाजी म्हणजे अंबिकाचा थोरला दीर. कन्नड शाळेत शिकलेला, ग्रामपंचायतीत उठबस असलेला. कन्नड कागद घरात आला की तो बालाजीच्याच हातात जायचा. आणि ह्या घरात थोरला दीर न् भावजय एकमेकांशी थेट बोलत नाहीत. काय सांगायचं ते नागूबाईंना सांगायचं. दोघं चार हातांवर उभे असले आणि एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकू येत असला, तरीही.

"आई, नऊ हाय म्हणावं हे. शुक्कुरवार," बालाजी म्हणाला.

"आत्या, मला तर सहा दिसायलंय."

"आई, तिला म्हणावं, आम्ही कन्नडात शिकलाव. नऊच हाय."

नागूबाईंनी इकडून तिकडं मान फिरवली. "ऐकलंस का? नऊ हाय म्हणं."

"अण्णा म्हणायलाय तर नऊच असंल," शिवप्रसादनं फोन खिशात घातला. "उगं कामून डोकं लावायलीस?"

मल्लव्वाला एक फोन लावला असता तर मिनिटात उलगडा झाला असता. पण फोन शिवप्रसादच्या खिशात, न् शिवप्रसाद रानात. आणि खरं सांगायचं तर अंबिकालाही मनातून वाटलं की नऊ असलं तर बरंच. शुक्रवारपर्यंत मळणी उरकेल, गोधड्या-वाकळा वाळतील, निवांत जाता येईल. रात्री नवरा घरी आल्यावरही तिनं फोन मागितला नाही. ह्या गोष्टीचा तिला पुढं बालाजीपेक्षाही जास्त राग आला.

सोमवारी तिनं ओढ्यावर सतरा वाकळा धुतल्या. भिजलेली वाकळ पिळून बघा कधी, म्हणजे कळंल. वाळत घातलेल्या वाकळांच्या आडोशाला लेकरांनी घर-घर खेळ मांडला आणि त्यातल्या दोन वाकळांवर चिखलाचे पाय उमटवले. त्या परत धुतल्या. घरी येते तर एकानं नाकात सोयाबीनचा दाणा घातलेला. तो काढीपर्यंत दुसरीनं पोताऱ्याची बादली मांजरावर ओतली.

"अरे, तुमच्या आया कुठं उलथल्यात रे?" अंबिका ओरडली. मग तिच्या ध्यानात आलं, त्यातल्या दोघांची आई आपणच.

"ओरडू नको गं एवढं," थोरली जाऊ ओसरीवरून म्हणाली. "माझं डोकं उठलंय."

अंबिकानं उरलेला पोतारा भिंतीवर असा काही मारला की निम्मा तिच्याच तोंडावर उडाला. आंघोळीला पाणी तापवायला गेली तर बंब रिकामा. कुणी भरला नव्हता. भरणार कोण?

मंगळवारी सकाळपासून ती चुलीपुढं होती. बारा माणसांच्या भाकरी, पातेलंभर वरण, ठेचा. मध्येच कुणाला शी लागली, कुणाला भूक, कुणाला नुसतंच रडायचं होतं. बाराच्या सुमाराला डोक्यावर पाटी घेऊन ती रानात पोचली. मशीनच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं कळत नव्हतं. बाभळीला शिवप्रसादचा सदरा टांगलेला आणि त्याच्या खिशात फोन थरथरत होता. तिनं काढून बघितला. मल्लव्वाचा हा सातवा फोन होता.

"यव्वा, कुठं हाईस गं तू?" मल्लव्वा जवळजवळ ओरडलीच. "दोनदा नाव पुकारलं तुझं! एक वाजता रजिस्टर बंद करतो म्हणायलेत."

"आज? अवो, शुक्कुरवारी न्हवं का?"

"कुणी सांगितलं शुक्कुरवार? सहा तारीख हाय, सहा!"

अंबिकाच्या अंगाचा असा भडका उडाला की तिनं पाटी धाडकन खाली ठेवली. तिनं हात वर करकरून मशीन बंद करायला लावलं. "मला भालकीला सोडा. आत्ताच्या आत्ता. सहाच होती तारीख!"

"अगं, पण माणसं जेवायची राह्यलीत," शिवप्रसाद म्हणाला.

"त्यांना हात हायत!"

शिवप्रसादनं भावाकडं बघितलं. मशीन सोडून त्याला स्वतःला हलता येत नव्हतं. बालाजीनं मुकाट्यानं मोटारसायकल काढली, एवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे. घरी थांबून तिनं कागदांची पिशवी उचलली. धाकट्या जावेचं लेकरू पदराला लोंबकळलं, त्याला नागूबाईंच्या मांडीवर टाकलं. "अगं, कुठं? अगं, ह्याला भरवलं न्हाई," असं सासू म्हणत राहिली आणि गाडी सुटली. दिराच्या मागं बसायची तिची ही पहिलीच वेळ. मध्ये पिशवी ठेवून ती अंग चोरून बसली. रस्त्यावर लोकांनी सोयाबीन वाळत घातलेलं, त्यामुळं अर्धाच रस्ता मोकळा. समोरून काही आलं की थांबायचं. दर वेळी थांबल्यावर तिला वाटायचं, उतरावं आणि पळत सुटावं.

ऑफिसात पोचले तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मल्लव्वा दारातच उभी होती, तिनंच त्यांना आत नेलं. टेबलामागच्या बाईंनी चष्मा काढून कन्नडात विचारलं, "इतका उशीर का?"

अंबिका तोंड उघडणार, तोच बालाजी हात जोडून कन्नडात बोलून गेला, "मॅडम, चूक झाली हिची. हिला कन्नड आकडे कळत न्हाईत. सहाचं नऊ वाचलं हिनं."

त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. गयावया केली की काम होईल, एवढाच त्याचा हिशेब. पण ह्या जागेला कन्नड लिहिता-वाचता येणं हीच पहिली अट होती! बाईंनी अंबिकाकडं असं बघितलं की तिला सगळं कळलं. गप्प बसावं तर कन्नड न येणारी म्हणून नाव कटणार. बोलावं तर चारचौघांत थोरल्या दिराला खोटं पाडल्यासारखं होणार. बारा वर्षं तिनं ह्या माणसासमोर मान वर केली नव्हती.

"मॅडम," ती कन्नडातच म्हणाली, "मी सहाच वाचलं होतं. नऊ ह्यांनी वाचलं."

बाईंनी भिंतीवरची नोटीस काढून तिच्यापुढं ठेवली. अंबिकानं ती वरपासून खालपर्यंत वाचली. तारीख, वेळ, अटी, सगळं. कुठं अडखळली नाही. बालाजी खिडकीबाहेर बघत होता.

"चांगलं वाचतीस की," बाई म्हणाल्या. "मग दुसऱ्याचं कशाला ऐकलंस?"

"कागद घ्या, मॅडम. वीसच मिनिटं झाल्यात."

"यादी गेली गं. एकच्या ठोक्याला सह्या होऊन जीप बीदरला निघाली. आता माझ्या हातात काही नाही. पुढच्या भरतीला ये."

"पुढच्या भरतीला माझी पस्तीस सरलेली असत्यात."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मल्लव्वा पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

अंबिकानं कागद एकेक करून पिशवीत भरले. दहावीचं प्रमाणपत्र, रहिवासी दाखला, फोटो. फोटोत तिनं जावेचं गळ्यातलं घातलं होतं, मागून घेतलेलं. डोळ्यात पाणी येत नव्हतं, नुसता संताप होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

बाहेर बालाजी मोटारसायकलपाशी किल्ली हातात घेऊन उभा होता. ती जवळ आल्यावर त्यानं खाकरलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा तो थेट तिच्याशी बोलला.

"तवाच ठासून सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं होतं की, अण्णा!" अंबिकाचा आवाज असा चढला की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. "तुमच्या पुढ्यात उभारून सांगितलं होतं. कामून ऐकलं न्हाईत तुम्ही? बोला की! आता का गप?"

बालाजीनं सवयीनं बाजूला बघितलं. मध्ये बोलायला तिथं आई नव्हती.