उपरण्याखालचा हात

आमच्या ह्यांच्या धंद्यात भाव तोंडाने बोलायची चाल नव्हती. हे गुरांचे दलाल. तापीकाठच्या आमच्या गावापासून शहादा-तळोद्यापर्यंतच्या बाजारांत बैलांचे सौदे ह्यांच्या हातून होत. हातून म्हणजे अगदी हातूनच. विकणाऱ्याच्या वतीने हे घेणाऱ्याचा हात धरत, वर उपरणं टाकत आणि खाली बोटं दाबून भाव सांगत. एक बोट म्हणजे एक, तीन बोटं म्हणजे तीन. दहाचा की शेकड्याचा, ते दोघांना ठाऊक. सौदा पटला की समोरच्याचा अख्खा पंजा दाबायचा. भोवती गर्दी असली तरी कुणाला पत्ता लागत नसे. घरातही स्वभाव तोच, मनातलं चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही. माझी भाजी आवडली की नाही, हे मला ताटात काय उरलं त्यावरून ओळखावं लागे.

अशा माणसाचा नेमका उजवा हात कापायला लागला. देवालाही थट्टा सुचते ती अशी. आधी अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरायचे. आम्हाला वाटलं, तंबाखू मळण्याची सवय. मग एका बाजारात दोन बोटं दाबायची तर तिसऱ्यालाही धक्का लागला आणि घेणारा चिडून उठून गेला. पुढच्या बाजारात उलट झालं, विकणाऱ्याचं नुकसान झालं. "दलालनं बोट दोन-दोन भाव सांगी ऱ्हायनं," अशी चेष्टा सुरू झाली. व्यापारी उपरण्याखाली हात द्यायला कचरू लागले. दलालाचं बोट म्हणजे त्याचा शब्द, आणि ह्यांचा शब्द बाजारात कापत होता. ह्यांनी जेवणाखाण्यातलं लक्षच काढून घेतलं. हात पुन्हा बाजारात चालला पाहिजे, एवढंच डोक्यात.

धुळ्याच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. पांढऱ्या गोळ्या दिल्या, हळूहळू वाढवा म्हणाले. रोज चाला, हात हलवत चाला. ह्यांची गंमत अशी की बसले की हात हलायचा आणि चालायला लागले की तोच हात अंगाला चिकटून राहायचा. मग मी मागून ओरडायची, "हात हलवा." गावाला वाटे, बाई नवऱ्याला कवायत शिकवते आहे.

तळोद्याच्या वैद्यांनी खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण दुधातून घ्यायला सांगितलं आणि वांगी, उडीद बंद केले. थंडीच्या दिवसांत आमच्या भागात वांगी बंद करायची म्हणजे माणसाला जिवंतपणी सुतकात बसवायचं. डॉक्टर म्हणाले वैद्याचं घेऊ नका, वैद्य म्हणाले डॉक्टरांचं घेऊ नका. दोघांपैकी एकजण तरी बरोबर असेल, म्हणून मी दोन्ही देत होते.

गोळीची तऱ्हा निराळीच. अर्धी दिली तर हात नाचायचा. एक दिली तर हात जरा शांत, पण तोंड कोरडं पडायचं आणि पोट साफ व्हायचं नाही. त्यावर रात्री केळं आणि इसबगोल. दीड दिली तेव्हा अंगणात बैल आले. म्हणजे ह्यांच्यापुरते आले. "जोडी चांगली शे. दात देख," मला म्हणाले. मी रिकाम्या अंगणात कुणाचे दात बघणार होते? पण भाव सांगितला तो अगदी रास्त होता. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एकच गोळी.

बोटांनाही काम द्या, कणीक मळायला लावा, असं डॉक्टर म्हणाले होते. ऐकून ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषयच सोडला. मग त्यांनीच तोड काढली. संध्याकाळी माझा हात धरायचा, उपरणं टाकायचं आणि सौदा करायचा. पहिल्यांदा मला लाजच वाटली. लेकरं मोठी झालेली, आणि आम्ही ओसरीवर हातात हात घालून बसलेलो. सौदा वांग्याच्या भरताचा. ते आठवड्यात तीनदा मागायचे, मी एकावर अडून बसायची आणि बदल्यात नदीपर्यंतची फेरी मागायची.

त्यातच मला कळलं की हात माझ्या हातात नुसता पडला की थरथरतो, पण बोट दाबलं की तेवढ्यापुरता स्थिर होतो. म्हणजे थरथर सोडून द्यायची आणि दाब तेवढा धरायचा. मी म्हटलं, "व्यापाऱ्यांना एवढं सांगा की." तर म्हणाले, "भावासोबत आता मी समजूतही वाटत फिरू?"

मार्गशीर्षातल्या यात्रेच्या बाजारात कोरीटच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला जोडी विकायची होती, आणि ती ह्यांच्याच हातून. दुसरं कुणी बोलावत नव्हतं. ही संधी गेली की कायमचीच गेली, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. सकाळी चूर्ण, भाकरीबरोबर गोळी, एक फेरी, सगळं मी जुळवलं. यात्रेला मीही गेले, देवदर्शनाच्या निमित्ताने. माझी पाठ वळताच ह्यांनी आणखी एक गोळी तोंडात टाकली, हे मला मागाहून कळलं.

उपरणं पडलं. मी लांबून बघत होते. कापड जरासुद्धा हललं नाही. ह्यांचा चेहराही तसाच, पूर्वी सवयीने आणि आता दुखण्याने दगडासारखा. बराच वेळ गेला. व्यापाऱ्याच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यानेच हात बाहेर काढून सौदा पटल्याची टाळी दिली. त्या दिवशीच्या बाजारातला सगळ्यात चढा भाव. शेतकरी ह्यांच्या पाया पडायला वाकला. दलालाचा हात परत आला, असं जो तो म्हणू लागला, आणि दोन व्यापाऱ्यांनी तिथल्या तिथे पुढच्या बाजाराचं बोलणं केलं. मला तर रडू येत होतं. मी मनातल्या मनात डॉक्टरांना आणि वैद्यांना, दोघांनाही नमस्कार केला.

परतताना बैलगाडीत हे बोलले. व्यापाऱ्याचा पहिलाच भाव ह्यांना पटला होता. शेतकऱ्याने सांगितलं होतं त्याहून तो जास्तच होता. पंजा दाबून सौदा मिटवायचा होता. हात दबला नाही. थरथर गेली, पण बोटं लाकडासारखी ताठली. व्यापाऱ्याला वाटलं दलाल अडून बसला, म्हणून त्याने भाव चढवला, परत चढवला, आणि हे आतून जोर लावत राहिले.

"तो हात मन्हा नही व्हता," हे म्हणाले. मी म्हटलं, कुणाला काय कळतंय. शेतकऱ्याचं भलं झालं, तुमचं नाव झालं. तर म्हणाले, "माले कळनं ना."

त्या व्यापाऱ्यांना ह्यांनी निरोप पाठवला, आता दलाली बंद. बाजारात बोलणं असं झालं की बघा, कसा मानाने बाजूला झाला. लोकांनी पुढे कितीतरी वर्षं तो सौदा तिखटमीठ लावून सांगितला. ह्यांनी एकदाही खरं-खोटं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओसरीवर जाऊन बसले. आता कशाला येतील, असं वाटत होतं. पण हे आले, शेजारी बसले, उपरणं टाकलं. खाली हात माझ्या हातात आला तो चांगला थरथरत होता. इतके दिवस मी त्या थरथरीला शिव्या दिल्या होत्या. त्या दिवशी मला हायसं वाटलं, म्हटलं, आला आपला माणूस. मग त्यांनी माझी तीन बोटं दाबली. मी एकावर अडले नाही, सरळ पंजा दाबला.