खिळ्यावरचं माप

माझ्या वडिलांना पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पाणबुड्यांचा एवढा लाडका माणूस म्हटल्यावर लोकांना वाटतं, स्वतः पट्टीचा पोहणारा असणार. बाबा गुडघ्यापलीकडे पाण्यात कधी उतरले नाहीत. ते पाणबुड्यांच्या हवेच्या नळ्या बनवायचे. पाठीवरच्या टाकीतून तोंडापर्यंत हवा आणते ना, ती काळी रबरी नळी.

आधी ते खोदकामाच्या यंत्रांच्या तेलाच्या नळ्या करत. एक दिवस एक ताडमाड पाणबुड्या वैतागून दुकानात आला. तयार नळ्या ठरावीक लांबीच्याच मिळतात. त्याला ती आखूड पडायची, आणि त्याच्या बुटक्या जोडीदाराला इतकी लांब की तिचा फास होऊन ती कशातही अडकायची. "माझ्या मापाची करून द्याल का?" त्यानं विचारलं. बाबांनी सुतळीचा गुंडा काढला. त्या दिवसापासून ते सगळ्यांचे सुतळीकाका झाले, आणि तो ताडमाड माणूस लंबू झाला.

काम दिसायला सोपं होतं. धारदार पात्यानं रबर सरळ कापायचं, टोकाला साबणाचं पाणी लावून पितळी जोड आत दाबायचा, त्यावर धातूची टोपी सरकवायची आणि ती दाबयंत्रात धरून आवळायची. आतून जोरात हवा मारून रबराचा कणन् कण उडवायचा. मग नळीत हवा भरून ती पाण्याच्या टबात सोडायची आणि बाबा शेजारी स्टुलावर बसायचे. पूर्ण दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत घराला आग लागली असती तरी बाबा म्हणाले असते, थांबा, बुडबुडा येतोय का बघू दे. आई त्यांच्यावर रागावून थकली आणि शेवटी त्याच दहा मिनिटांत त्यांना काय हवं ते सुनावून घ्यायला शिकली, कारण तेव्हा ते उलटून बोलत नसत.

पण खरी मेख मापात होती. पाणबुड्याला पूर्ण पोशाख चढवून, टाकी पाठीवर घेऊन उभं करायचे. सुतळीचं एक टोक टाकीच्या तोंडाशी, तिथून उजव्या काखेखालून वर, ओठांच्या कोपऱ्यापर्यंत. आणि मान डावीकडे पूर्ण वळवलेली. "मागून बायकोनं हाक मारली असं समज," ते म्हणायचे. त्यावर चार बोटं जास्त. दरवेळी नवीन माप. कुणी म्हणालं, "काका, मागच्याच महिन्यात घेतलंत की," तर बाबा म्हणायचे, "त्यानंतर तू महिनाभर उपाशी होतास का?"

माप घेतलेल्या सुतळ्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या असत, प्रत्येकीला पुठ्ठ्याचा तुकडा. लंबू, चष्मा, मिशी, बोका. बोका म्हणजे माझा नवरा. तेव्हा तो अंगानं काटकुळा होता, पण डोळे घारे होते. एका महिन्यात तो तिसऱ्यांदा नळी दाखवायला आला, तेव्हा बाबा आईला म्हणाले, "ह्याची नळी ठणठणीत आहे. ह्याचं दुसरंच काहीतरी गळतंय." मी आत हिशेबाच्या वहीत डोकं खुपसून लाल झाले होते. वर्षभरात लग्न झालं.

बारा वर्षं संसार झाला. बोका भरला. दर दोन-तीन वर्षांनी मीच त्याला मोठ्या मापाचे शर्ट आणायचे आणि चिडवायचे, की आता तुझ्यासाठी तंबूच शिवून घेते. हे मुद्दाम सांगतेय. मला माहीत होतं.

शाळेच्या कचेरीत प्रवेशाचे दिवस होते, मी तिथे कारकून. खिडकीसमोर पालकांची ही गर्दी, आणि बाबांचा फोन आला.

"जावईबापूंना नवी नळी हवीय म्हणे, परवाच्या कामाला. जुनीला चीर गेलीय. त्यांना मापाला पाठवतेस का?"

"बाबा, त्याला कुठे वेळ आहे? खिळ्यावर आहे ना माप? तेच लावा."

"अगं, लग्नाआधीचं आहे ते. नंतर भिडेपोटी तयार नळ्यांवरच भागवलं त्यांनी."

"मग? माणूस काय बारा वर्षांत उंच झालाय? करा हो, इथे माझ्या डोक्यावर लोक बसलेत."

 ते म्हणाले, "बरं." बाबांनी आयुष्यात कुठल्या गिऱ्हाईकाची अशी भीड धरली नव्हती. माझी धरली.

नळी घरी आली. त्या संध्याकाळी नवऱ्यानं नवा जाड पोशाख चढवून ती लावून बघितली. "मान वळवली की जराशी ओढते गं," तो म्हणाला.

"मग सांग की बाबांना."

"जाऊ दे. सासऱ्याच्या कामाला नावं ठेवू? एवढं काम उरकलं की बघू."

मी कणीक मळत होते. मी म्हणाले, बघ बाबा तुझं तू.

काम जहाजाचा तळ खरवडायचं होतं. पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसत नाही. लंबू त्याच्यासोबत होता. हत्यार बदलून घ्यायला त्यानं मागून डाव्या खांद्यावर थाप मारली. नवरा वळला आणि नळीच्या टोकाचा, तोंडात धरायचा तुकडा निसटला. नळी मागे गेली. जाड हातमोज्यांनी तो ती चाचपत राहिला. अडीअडचणीसाठीची जादाची नळी छातीशीच होती, तीही हाती लागली नाही. काय झालंय हे लंबूला कळेपर्यंत उशीर झाला होता. लंबूनं हे मला सांगितलं तेव्हा तो लहान मुलासारखा रडत होता, आणि मला त्याचा रागही आला नाही. मला त्याची थाप कळत होती. मला सगळंच कळत होतं.

चौकशीत नळी शाबूत निघाली. चीर नाही, गळती नाही. सामान परत आलं तेव्हा बाबांनी नळी कामाच्या टेबलावर सरळ केली आणि शेजारी खिळ्यावरची सुतळी ताणून धरली. बरोबर चार बोटं जास्त. त्यांचा हात चुकला नव्हता.

तेराव्या दिवशी घर भरलेलं असताना माझ्या दिरानं सगळ्यांसमोर विचारलं, "काका, खरं सांगा. दादाचं माप घेतलं होतं का?"

बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "नाही. खिळ्यावरचं लावलं. घरचाच माणूस म्हणून कंटाळा केला मी."

माझ्या सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी सतरंजीची किनार बघत होते. एक वाक्य होतं माझ्याजवळ, फक्त एक, आणि ते मी बोलले नाही. मी भित्री आहे. इतरांवर आवाज चढवते, पण भित्री आहे.

सासरच्यांनी बाबांशी बोलणं टाकलं. पाणबुडेही हळूहळू यायचे थांबले. कुणी काही बोललं नाही, नुसते आले नाहीत. बाबांनी दाबयंत्रावर कापड घातलं. बाकी सगळ्या सुतळ्या उतरवल्या, बोक्याची तेवढी ठेवली. सहा वर्षं ते रोज दुकान उघडून तिच्यासमोर बसत, आणि मी रोज त्यांचा डबा घेऊन जायचे, डबा ठेवून परत यायचे.

मग ते अंथरुणाला खिळले. एका रविवारी सकाळी लंबू भेटायला आला. त्यालाही आता गुडघ्यांमुळे नीट बसवत नव्हतं. बाबांचा चेहरा उजळला. ते त्याच्या नळ्यांबद्दल बोलू लागले: पहिल्या वेळी अठ्ठेचाळीस बोटं, तुझं लग्न झाल्यावर एकोणपन्नास, खांदा निखळला होता त्या वर्षी पुन्हा एक बोट कमी. नऊ नळ्यांची नऊ मापं त्यांनी एकामागून एक सांगितली. लंबू हसत-हसत डोळे पुसत होता.

तो गेल्यावर मी बाबांच्या उशाशी बसले. आता नाही तर कधीच नाही, एवढंच मनात होतं.

"बाबा, माप तेच लावा असं मी म्हणाले होते. फोनवर. तुम्ही त्याला पाठव म्हणत होतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ, पाण्यातल्या नळीकडे बघायचे तसं.

"फोन?" ते म्हणाले. "नाही गं पोरी. मला काही आठवत नाही. मी कुणाला फोन केला नव्हता त्या दिवशी. मीच कंटाळा केला."

मी पुन्हा तोंड उघडलं, तसा त्यांनी माझा हात दाबला. पितळी टोप्या आवळून आवळून निबर झालेला हात, अजून जोर होता त्यात.

"बरं बाबा," मी म्हणाले.