आत्याबाईंचं माप

माझ्या सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हे, शिवणकामातले. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे: एक मशीन, एक कापायचं टेबल, एक स्टूल आणि भिंतीभर लटकलेल्या पँटी. पस्तीस वर्षांत त्यांनी पँटीशिवाय दुसरं काही शिवलेलं नाही. कुणी शर्टाचं कापड घेऊन आलंच, तर मास्तर चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "पुढच्या चौकात जा. कमरेच्या वरचे डॉक्टर तिथे बसतात."

अशा माणसाला थंडीच्या दिवसांत, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पोहण्याचे कपडे शिवायची वेळ आली. त्याला कारण माझी मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी उभी राहिलेली अजून कुणी पाहिलेली नाही. तिच्या वर्गातली कुणी तरी शहराबाहेरच्या वॉटर पार्कला जाऊन आली होती. काचेचं भलंमोठं छप्पर, आत कोमट पाणी, लाटा, पाच मजली घसरगुंडी. बाहेर हुडहुडी भरत असली तरी आत लोक ओलेचिंब होऊन हसत असतात, असं तिनं आम्हाला आठवडाभर, जेवणाच्या प्रत्येक घासाला सांगितलं.

शेवटी मास्तरांनी हात वर केले. "जाऊ. पण जायचं तर सहाच्या सहा जणांनी."

सहा म्हणजे मास्तर, सासूबाई, मी, माझी बायको, भिंगरी आणि आत्याबाई. मास्तरांचं हे 'सहाच्या सहा' कुणासाठी होतं, ते सगळ्यांना कळलं. आम्ही आत्याबाईंकडे बघितलं. त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही जा. मी घर बघते."

आत्याबाई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मास्तर नऊ वर्षांचे होते आणि त्या सतरा. पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर नोकरी धरून त्यांनी भावाला वाढवलं, त्याचं अभ्यासात लक्ष नाही हे ओळखून त्याला एका चांगल्या शिंप्याच्या हाताखाली बसवलं, त्याचं लग्न लावलं. स्वतःचं राहूनच गेलं. मास्तर आणि सासूबाई लग्नानंतर समुद्र बघायला गेले, तेव्हा आत्याबाईंनी घर बघितलं. पुढे माझी बायको लहान असताना हे तिघं डोंगरावर गेले, तेव्हाही त्यांनी घर बघितलं. त्या घरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आहे. इतकं बघण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे.

तीन आठवड्यांनंतरचा रविवार ठरला. मास्तरांनी कापडाचे नमुने कापायच्या खाकी कागदावर पांढऱ्या खडूनं बेत लिहिला आणि भिंतीवर टांगला. सहा वाजता उठणे. सात दहाची बस. डब्यात उकडलेली अंडी, पाव, संत्री. कोण कुठली पिशवी धरणार, भिंगरीचा हात कुठून कुठपर्यंत कुणी धरायचा, सगळं. माझ्या वाट्याला टॉवेलांची पिशवी आली. जावई म्हणून काही सवलत मिळाली नाही.

मग बायकोनं मोबाइलवर तिथले नियम मोठ्यानं वाचले आणि बेताला पहिलं भोक पडलं. सुती कपड्यांत आत सोडत नाहीत. पाण्यात उतरा किंवा नुसते काठावर बसा, पोहण्याच्या कापडाचेच कपडे हवेत. नसतील तर तिथे भाड्यानं मिळतात.

"भाड्यानं?" आत्याबाईंनी शेंगांची परात बाजूला सारली. "परक्या माणसाच्या अंगातून निघालेलं मी घालू? आणि तेही गुडघ्याच्या वर? सदतीस वर्षं खिडकीवर बसले. लोकांनी माझा नुसता चेहरा बघितलाय, तोही जाळीतून. तुम्ही जा. मी घर—"

"ताई," मास्तर म्हणाले, "मी शिवतो."

सासूबाईंनी हळूच आठवण करून दिली, "अहो, पण तुम्ही पँटी शिवता."

"मग? ताईला पाय नाहीत?" मास्तर बहिणीकडे वळले. "घोट्यापर्यंत पाय, मनगटापर्यंत बाह्या, वरून गुडघ्यापर्यंत झगा. बंद पाकीट बघ अगदी."

आत्याबाईंनी परात परत पुढे ओढली. एक शेंग सोलली. दाणा तोंडात टाकला. मग विचारलं, "रंग?"

मी बायकोकडे बघितलं. बायकोनं माझ्याकडे. रंग विचारला म्हणजे गड अर्धा सर झाला होता.

"गडद निळा घेऊ?"

"जांभळा बघ मिळाला तर."

आता अडचण मापाची. मास्तरांनी जन्मात बाईमाणसाचं माप घेतलेलं नाही. ते त्यांच्या तत्त्वातच बसत नाही. म्हणून सासूबाई टेप घेऊन आत्याबाईंना आतल्या खोलीत घेऊन गेल्या, आणि दाराबाहेर मास्तर वही-पेन्सिल घेऊन बसले.

"खांदा पंधरा!" आतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला.

"पंधरा."

"छाती—"

"अगं हळू!" आत्याबाई कडाडल्या. "दवंडी पिटतेस का गल्लीत?"

तिथून पुढे सासूबाई प्रत्येक आकड्याला दार उघडून बाहेर यायच्या, मास्तरांच्या कानात कुजबुजायच्या आणि परत आत जायच्या. कंबरेच्या वेळी मात्र आत बराच वेळ गेला. मग कुजबुज झाली. मास्तरांची पेन्सिल थांबली.

"अडतीस?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"टेप तेच सांगतेय," सासूबाई म्हणाल्या. "पण वन्संनी श्वास असा काही ओढून धरला होता, की मलाच धाप लागली."

मास्तरांनी वहीत अडतीस लिहिलं, आत्याबाईंना दिसेल असं. आत्याबाई बाहेर आल्या, वहीवर नजर टाकली आणि समाधानानं स्वयंपाकघरात गेल्या. दुसऱ्या दिवशी दुकानात मास्तरांनी बेचाळीसवर कापड कापलं. पस्तीस वर्षं माणसं दारातून आत येताच त्यांना कंबर कळते. बहिणीची कळणार नाही?

माझं दुकानात जाणं-येणं असतं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी बघितलं. ते ताणलं जाणारं गुळगुळीत कापड मास्तरांना अजिबात दाद देईना. कात्रीखालून सटके. मशीनवर घातलं की सुई टाके गाळत जाई; हातभर शिवण घालावी आणि जरा ओढून बघावं, तर सगळी उकलून यायची. एकदा कापडाची कड मशीनच्या दातांत गेली आणि तिथेच चुरगळून बसली. मास्तरांनी सुई बदलली, धागा बदलला, मशीनला तेल घातलं, शेवटी मशीनला नाही नाही ते बोलले. तीन दिवस हेच. रविवार दहा दिवसांवर आला होता.

"मास्तर," मी म्हणालो, "पलीकडच्या गल्लीत त्या बाई आहेत ना, नाचाचे कपडे शिवतात—"

"फ्रॉकवाली?" मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या मुलीला पळवूनच नेलंय.

या बाईंचं दुकान होऊन आठ वर्षं झाली होती. मुलींच्या नाचाचे, कसरतीचे चमचमते कपडे त्या शिवायच्या. मास्तर त्यांच्या कामाला 'रिबिनींचा खेळ' म्हणत, आणि ते त्यांच्या कानावर गेलं नसेल असं समजायला बाजार काही मुका नव्हता.

दुसऱ्या दिवशी मास्तर मला म्हणाले, "पिशवी घे आणि चल." कुठे, ते सांगितलं नाही. पलीकडच्या गल्लीत वळलो तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत पुसला. दारात उभे राहून म्हणाले, "जरा काम होतं."

बाई ताडकन उठल्या. "मास्तर! या, या ना!" त्यांनी स्टूल झटकून पुढे केलं. मास्तरांनी पिशवीतून ते उकललेले जांभळे तुकडे काढले आणि गुपचूप टेबलावर ठेवले, चोरीचा माल ठेवावा तसे.

बाईंनी तुकडा उजेडात धरला. "सुई कितीची?"

"सोळाची."

"सोळा! मास्तर, तंबू शिवताय का?" बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. मास्तरांचे कान लाल झाले. मी टॉवेलांचा विचार करू लागलो. पण मग मास्तरच हसले, पोटातून, आणि म्हणाले, "सवय हो. सगळं आयुष्य जाड कापडात गेलं."

मग बाईंनी त्यांना आपल्या मशीनवर बसवलं. गोल टोकाची सुई दिली. ती धागे तोडत नाही, बाजूला सारून आत जाते. धाग्याचा ताण सैल करायला सांगितला, शिवण सरळ न घालता नागमोडी घालायला सांगितली, आणि कापड घसरू नये म्हणून त्याच्याखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून दाखवली. "झालं की टरकावून काढायची. आणि ओढू नका मास्तर. तुम्ही ओढताय!"

"नाही ओढत."

"ओढताय. हात सोडा."

आमचे मास्तर पहिलीतल्या पोरासारखे दोन्ही हात वर करून बसले होते, नुसता पाय चालत होता, आणि सुईखालून जांभळी शिवण सरळ निघत होती. त्यांनी ती ओढून बघितली. टिकली. परत ओढली. मग त्यांनी ती मला दाखवली, बाईंना दाखवली आणि दुकानात दुसरं कुणी नव्हतं म्हणून परत मला दाखवली.

"काय देऊ?" त्यांनी निघताना विचारलं.

"पैसे नकोत. पँटीची चेन शिकवा. माझी नेहमी वाकडी बसते."

"उद्या या," मास्तर म्हणाले. "कमरेखालचे सगळे आजार आम्ही बघतो."

त्यानंतर मास्तरांचा हात असा सुटला, की सहाही जणांचे कपडे त्यांनीच शिवले. भिंगरीचे पिवळे, आमचे निळे. स्वतःसाठी त्यांनी काळी पँट शिवली; तिला पुढून इस्त्रीची घडी दिसावी म्हणून उभी टीप मारली आणि दोन्ही बाजूंना खिसे ठेवले. पोहण्याच्या पँटीला खिसे कशाला, असं बायकोनं विचारलं, तर म्हणाले, "हात कुठे घालू मग?"

आत्याबाईंनी आपला पोशाख दार लावून घालून बघितला. आम्ही पाचही जण बाहेर उभे. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. जांभळ्या झग्यात त्या ताठ उभ्या होत्या, मान वर, हात बाजूला.

"बघ," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "कंबरेत कसा चपखल बसलाय. तू म्हणत होतीस, माप चुकलंय. अडतीस म्हणजे अडतीसच."

सासूबाईंना एकाएकी खोकला आला. मास्तर खाली वाकून झग्याचा काठ तपासत राहिले.

रविवारी सात दहाची बस सात बाविसला आली, एवढंच काय ते बेतात चुकलं. कपडे बदलून आलो, तर आतल्या दारावरच्या मुलीनं एकेकाचे कपडे बघितले. आत्याबाईंच्या बाहीला तिनं दोन बोटांनी चिमटा काढून ताणून बघितलं.

"छान आहे हो. कुठल्या कंपनीचा?"

"घरच्या," आत्याबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

आत म्हणजे गलका नुसता. काचेच्या छपराखाली वाफ, किंकाळ्या, पाण्याचा धबाबा आवाज. भिंगरी पहिल्या पाच मिनिटांतच बायकोला ओढत घसरगुंडीच्या जिन्यावर दिसेनाशी झाली. मास्तर लाटांच्या तलावात रुबाबात उतरले, खिशात हात घालून. पहिली लाट आली आणि दोन्ही खिसे पाण्यानं फुगले. मास्तर दोन्ही बाजूंना दोन कलिंगडं बांधल्यासारखे मागे मागे वाहत गेले. एका पोराच्या फुग्याला धरून थांबले तेव्हा त्यांचा चष्मा वाकडा झाला होता आणि हसू आवरत नव्हतं.

आत्याबाई मात्र पायरीवर थांबल्या. कठडा घट्ट धरून. पाणी पावलांवर येत होतं, जात होतं. सासूबाई म्हणाल्या, "वन्सं, ते बघा, तिकडे पाणी हळू वाहतंय. चाकात बसायचं नुसतं." एका वळणावळणाच्या कालव्यातून हवेची मोठी रबरी चाकं लोकांना घेऊन संथ फिरत होती. आम्ही दोघांनी मिळून आत्याबाईंना एका चाकात बसवलं आणि सोडलं.

"थांबवा!" पहिल्या वळणावर त्या ओरडल्या. पाणी काही थांबलं नाही.

दुसऱ्या फेरीत त्या समोरून गेल्या तेव्हा गप्प होत्या. तिसऱ्या फेरीत एक हात पाण्यात होता. चौथ्या फेरीत त्यांनी आम्हाला, कुणा ओळखीच्यांना दुरून करावा तसा, मान हलवून नमस्कार केला. पाचव्या फेरीला मास्तर दुसऱ्या चाकात बसून त्यांच्या मागे लागले. मी तिसऱ्या चाकात त्यांच्याच पाठीमागे होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"लहानपणी आंघोळ म्हटलं की किती भोकाड पसरायचास तू," आत्याबाई म्हणाल्या.

"साबण डोळ्यांत घालायचीस."

"स्वतः चोळायचास डोळे. मी घालीन साबण?"

"घालायचीस."

"बरं, घालायचे." त्या थोडा वेळ छपराकडे बघत राहिल्या. वर काचेवर थंड, फिकट ऊन होतं. "नोकरीला उशीर व्हायचा रे. घाई असायची."

मास्तरांनी पाय लांब करून आपलं चाक त्यांच्या चाकाला टेकवलं आणि दोघं तसेच फिरत राहिले. जेवायची वेळ झाली तेव्हा सासूबाईंनी काठावरून हाका मारल्या. "तुम्ही खाऊन घ्या," आत्याबाईंनी सांगितलं, "आम्ही आणखी दोन फेऱ्या मारून येतो." दोनाच्या सहा झाल्या.

परतीच्या बसमध्ये सगळे झोपले. खाकी कागदावर कुणी जागं राहायचं ते लिहिलेलं नव्हतं. कंडक्टरनं खांदा हलवून उठवलं तेव्हा बस रिकामी होती आणि बाहेर डेपोचं अंगण. आमचा थांबा मागे, चार थांबे मागे.

उजेड अजून होता. मागे जाणाऱ्या बसला वीस मिनिटं होती, आत्याबाई म्हणाल्या, "चला, चालू या." भिंगरी माझ्या खांद्यावर, ओले टॉवेल बायकोच्या हातात, आणि मास्तर-सासूबाई कुणाचं घोरणं मोठं होतं यावरून भांडत. वाटेत एका बेकरीतून गरम बन घेतले आणि चालता चालताच खाल्ले. आत्याबाईंनी दोन खाल्ले. त्या आमच्या दहा पावलं पुढे होत्या, केस मोकळे सोडलेले, अजून पुरते न वाळलेले, आणि आम्ही मागून हाका मारत होतो की जरा हळू चाला.