चेनसाहेबांचं सोयाबीन

प्लँटवरची धूळ आम्ही रोज झाडतो, किस्से मात्र साठत जातात. चेनसाहेब येऊन गेल्यापासून तर चहाला बसलं, की एक तरी निघतोच!

पुसेगावात माझ्या मामांचा सोयाबीन बियाण्याचा प्लँट आहे. रंगावरून दाणे निवडणारं मशीन चीनहून आलं आणि ते बसवायला चेनसाहेब. त्यांचं बोलणं मोबाइलवरून समजून घ्यायला मी. ते मशीन मलाच चालवायचं होतं. मामा म्हणाले, "ट्रायलला बघू. जमलं तर तू, न्हाई तर हिंगोलीहून माणूस आणतो."

*

आम्ही सगळे पहिला चिनी शब्द शिकलो 'दोऊ'. चेनसाहेबांनी पोत्यात हात घातला, दाणे दाखवले आणि म्हणाले, "दोऊ!" दोऊ म्हणजे सोयाबीन, हे आमचं पाठ झालं.

*

दुसऱ्या दिवशी आमचे हमाल किसनभाऊ चप्पल शोधत फिरत होते. चेनसाहेबांनी ती स्वतःच्या पाठीमागून काढली आणि हसत म्हणाले, "दोऊ नी वान!"

किसनभाऊंनी मुकाट ओंजळभर सोयाबीन आणून दिलं!

मोबाइलला विचारलं. हाही दोऊच, उच्चार तोच, पण अर्थ मस्करी. 'तुझी गंमत करतोय,' असं म्हणत होते बिचारे.

*

मग काय! कुणी कुणाची थट्टा केली, की समोरचा ओरडायचा, "काहून सोयाबीन करून राहिला बे?"

बियाणं घ्यायला आलेले एक काका हे ऐकून दारातच थबकले. "मी तुरीचं इचारायला आलो व्हतो," म्हणाले.

*

मामांची मस्करी कुणी करत नाही. चेनसाहेबांनी थेट त्यांचा चष्माच लपवला! मी घाईघाईनं मोबाइलवर लिहिलं, 'मामांना छेडू नका.'

चिनी वाचून चेनसाहेब लालबुंद! दोन्ही हात नाही-नाही करत हलवू लागले. मोबाइलनं बायकांची छेड काढण्याचा शब्द दिला होता!

मग त्यांनीच नीट समजावलं. दोऊ करायचं ते फक्त आपल्या माणसाशी.

"हितं काम चालू हाय का तमाशा?" मामा म्हणाले.

*

ट्रायलच्या दिवशी मी मशीनपुढे उभी राहिले. बटण दाबलं. डागी दाणे एकीकडे, पिवळेधमक दुसरीकडे पडू लागले. चेनसाहेबांनी अंगठा दाखवला. इतका आनंद झाला म्हणून सांगू!

मामांनी चिमूटभर दाणे उचलले, उन्हात निरखले.

"वैशाली, उद्यापासून येऊ नको."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "काहून, मामा?"

मामा जवळ आले. चेहरा तसाच. माझ्यासमोर मूठ उघडली. तळहातावर एकच पिवळा दाणा उरला होता.

"दोऊ!"