दहापैकी तीन

तिची सख्खी बहीण मी एकटी, पण सिस्टर ती सगळ्यांची. हाडांच्या वॉर्डात ताईने चौतीस वर्षं काढली, आणि निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी जिन्यात भेटणारा प्रत्येक जण तिला सिस्टरच म्हणतो. लग्न तिने केलं नाही. मी केलं, नवरा गेला, आणि कपड्यांची बॅग घेऊन मी तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आले. आई लवकर गेली, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालून तिनेच वाढवलेलं. संकोच कसला वाटणार? ती बोलायची कमी, आणि मी तिच्या वाटचंही बोलायचे.

दुसऱ्यांचे गुडघे सांभाळता सांभाळता तिचा स्वतःचा गेला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दीड वर्ष ती खाली उतरली नव्हती. खिडकीतून समोरच्या बागेतला बाक दिसतो, तिथे संध्याकाळी चार-पाच बायका बसतात आणि जगाची उणीदुणी काढतात. ताई म्हणायची, "गुडघा बदलला की मी तिथे जाऊन बसणार. दुसरं काही मागणं नाही माझं." एवढ्यासाठी ते ऑपरेशन. बाकावर बसायला मिळावं म्हणून.

डॉक्टर तिच्याच हाताखाली तयार झालेला. शिकाऊ होता तेव्हा त्याला धड पट्टी बांधता यायची नाही, ती हिने शिकवली. आता टक्कल पडलंय, दारावरची पाटी मोठी झालीय, पण हिच्यासमोर आला की अजून हात मागे बांधून उभा राहतो. हृदय कमजोर असूनही ऑपरेशन छान झालं म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "सिस्टर, दहापैकी किती दुखतंय?"

ही म्हणाली, "तीन."

चेहरा पांढराफटक, ओठ दाताखाली, आणि म्हणे तीन.

घरी आल्यावर मी खोदून विचारलं, तेव्हा तिने मला वॉर्डातली एक गोष्ट सांगितली. पेशंट नेहमी वाढवून सांगतात, असं तिचं ठाम मत. एखादा नऊ म्हणाला की ही कागदावर सात लिहायची. चौतीस वर्षं असंच केलं. मी म्हटलं, "मग तुझे खरे किती?"

"सात असतील. त्यातले दोन भीतीचे म्हणून वजा केले. राहिले पाच. पाच म्हटलं तर ते पोरगं उगाच घाबरून जाईल."

पोरगं म्हणजे तो टकल्या डॉक्टर. मला हसू आलं. मी चांगली पोट धरून हसले, आणि त्याची आज मला लाज वाटते.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायची. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा दाबायची, मग तो वाकवायची आणि मोजपट्टी लावून किती अंश वाकला ते वहीत लिहायची. नव्वदच्या पुढे गेला तरच जिना नीट चढता-उतरता येतो, हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गाडी पासष्टवर अडली. तिसऱ्या आठवड्यात ताई तिला म्हणाली, "बाळा, तू जन्मायच्या आधीपासून मी हे लोकांकडून करून घेतलंय. उद्यापासून नको येऊस." मुलगी बिचारी वही उचलून गेली.

मग ताई दार लावून एकटीच व्यायाम करायला लागली. दाराबाहेर आवाज यायचा. ओरडणं नव्हतं ते. मांजराचं पिल्लू कुठेतरी अडकल्यासारखा बारीक, न थांबणारा आवाज. सकाळ, दुपार, संध्याकाळ. बर्फाच्या पिशव्या भरून भरून माझी बोटं बधिर व्हायची, आणि तो आवाज कानातून जायचा नाही.

मी काही संत नाही. पाचव्या आठवड्यात एका दुपारी माझं टाळकं सटकलं. दार उघडून मी म्हटलं, "पुरे झालं तुझं रडगाणं. तळमजल्यावरच्या आजींचं ऑपरेशन तुझ्यानंतर झालं, त्या भाजी आणायला जातात. जन्मभर लोकांना सहन करा, सहन करा सांगितलंस ना? मग आता स्वतः करून दाखव की."

तिने माझ्याकडे बघितलं आणि हो म्हणून मान हलवली. त्या दिवसापासून आवाज बंद.

मला वाटलं, मात्रा लागू पडली. जिन्यात दोघी-तिघींना मी कौतुकाने सांगितलंसुद्धा, की आमच्या ताईला जरा चढ्या आवाजात बोलावं लागतं, मग ती सुधारते. ऑपरेशनला दोन महिने झाले तेव्हा तपासणीला गेलो. डॉक्टरने जखमेवर वरवर नजर टाकली. "वाकतोय ना सिस्टर?" "वाकतोय." "किती दुखतंय?" "तीन." झालं. सिस्टरचा शब्द त्याला देववाणी. ज्यांनी आपल्याला शिकवलं त्यांचा पाय धरून वाकवून बघायचा, हे त्याच्या हातून होईना. आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून मान डोलावत होते.

सहाव्या महिन्यात तिची खोली झाडताना गादीखाली मला टॉवेल सापडले. तीन होते. तिन्हींच्या कोपऱ्यांच्या चावून चावून चिंध्या झालेल्या. एकावर रक्ताचे डाग. मी झाडू टाकला आणि जमिनीवर बसले. माझ्या ताईने माझ्यासाठी, मला ऐकू येऊ नये म्हणून, चार-पाच महिने तोंडात टॉवेल कोंबला होता.

त्याच दिवशी मी तिला खाली उतरवलं, रिक्षात घातलं आणि ते टॉवेल डॉक्टरच्या टेबलावर नेऊन टाकले. तेव्हा कुठे त्याने पाय हातात घेतला. पासष्टसुद्धा राहिले नव्हते, पन्नासच्या पुढे गुडघा हलेना. फोटो काढले, रक्त तपासलं. सांधा उत्तम बसलेला. आतलं मांस मात्र आवळून दगड झालेलं.

"दोन-तीन महिन्यांच्या आत कळलं असतं तर भूल देऊन मोकळा केला असता," तो म्हणाला. "आता जोर लावला तर हाड मोडेल. पुन्हा उघडायचं म्हटलं तर तुमच्या हृदयाला ते झेपणार नाही. दुखणं गोळ्यांनी थोडं दबेल, पण..." मग म्हणाला, "सिस्टर, घरात तरी कुणाला कळलं नाही?"

मी सांगायला हवं होतं, की कळलं होतं, मीच गप्प केलं तिला. तेवढ्यात ताई म्हणाली, "अरे, हिला कसं कळणार? आधी काहीच त्रास नव्हता. आत्ता महिनाभरातच सुरू झालं."

धडधडीत खोटं. इतक्या शांतपणे बोलली, की डॉक्टरने ते कागदावर लिहून घेतलं.

घरी परतलो. ताठ पाय बाजूने फेकत, एकेक पायरी करत ती चढत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती श्वास घ्यायला थांबली. तिथल्या झरोक्यातून बाग दिसते. तिने तिकडे पाहिलं नाही. मला राहवेना. मी म्हटलं, "ताई, मी तुला रडगाणं म्हटलं होतं. त्या दुपारी. माझ्यामुळे झालं हे."

"कधी म्हणालीस? मला नाही बाई आठवत."

पंधरा वर्षांपूर्वीच्या पेशंटची खाट, त्याचा रक्तगट आणि त्याला भेटायला कोण येत नव्हतं, हे सगळं जिला तोंडपाठ, ती मला सांगत होती, आठवत नाही. मी तिथेच पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले, वरच्या मजल्यावरची दारं उघडली तरी थांबले नाही. तिला खाली बसता येत नव्हतं. एका हाताने कठडा घट्ट धरून ती जमेल तितकी वाकली, दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला, आणि वॉर्डात विचारायची त्याच आवाजात मला म्हणाली, "कुठे दुखतंय गं तुला?"